हिरवे टन पुरे, आता उन्हाळ्यातला चारा मोजा : विदर्भातील चारा-संशोधकांना खुले पत्र

प्रति,
विदर्भात चारापिके, गवते आणि कुरणे यांवर संशोधन करणारे शास्त्रज्ञ, तसेच पशुसंवर्धन व कृषी विभागाचे अधिकारी

स.न.वि.वि.

विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्पाचा दुसरा टप्पा १९ जिल्ह्यांसाठी आहे. गायी-म्हशी येतील, रेतन होईल, दूध संकलनाची केंद्रे उभी राहतील. हे सगळे हवेच आहे. पण गोठ्यात आलेले जनावर फेब्रुवारीपासून जूनपर्यंत काय खाणार, या प्रश्नाचे उत्तर आज तरी कुटाराच्या (मळणीनंतर उरलेल्या सोयाबीन-तुरीच्या भुश्याच्या) ढिगापलीकडे जात नाही. म्हणून आमची एक मागणी आहे. चारापिकाच्या वाणाची आणि कुरणाची परीक्षा कोरडवाहू जमिनीवर घ्या, वजन वाळलेल्या चाऱ्याचे धरा आणि तो चारा कोणत्या महिन्यात हाताशी येतो, हे निकालात लिहा.

आधी हिशोब. ३५० किलो वजनाच्या गायीला वजनाच्या अडीच टक्के, म्हणजे रोज सुमारे पावणेनऊ किलो कोरडा चारा लागतो. संकरित दुधाळ गाईला तीन टक्क्यांपर्यंत. फेब्रुवारी ते जून हे १५० दिवस धरले तर एका गाईला तेरा क्विंटल कोरडा चारा झाला. एक गाय आणि बैलजोडी असलेल्या घरी एकोणचाळीस-चाळीस क्विंटल. आता पावसाळ्यात भराभर वाढलेले संकरित नेपिअर घ्या. त्यात कोरडा भाग कधी कधी पंधरा टक्केच असतो. पावणेनऊ किलो कोरडा भाग त्यातून मिळवायचा तर गाईला अठ्ठावन्न किलो गवत खावे लागेल. तेवढे तिच्या पोटात मावत नाही. गोठ्यात गवत मुबलक असते, जनावर दिवसभर चघळत असते आणि दूध मात्र वाढत नाही. शेतकऱ्याला वाटते जनावरात खोट आहे. हेक्टरी अमुक टन हिरवा चारा, एवढाच आकडा घडीपत्रिकेत छापला की ही गफलत होते. त्या आकड्याशेजारी कोरड्या भागाची टक्केवारी आणि कापणीचा महिना छापायला एक ओळ जास्तीची लागेल, बस.

नेपिअरला आमचा विरोध नाही. फुले जयवंत, सीओ-४, सीओ-५, डीएचएन-६ हे वाण विहिरीचे पाणी असलेल्याला खरोखर उपयोगी आहेत. ९० बाय ६० सेंटिमीटरवर लावले तर हेक्टरी साडेअठरा हजार ठोंबे लागतात. पहिली कापणी ६० ते ७५ दिवसांनी, पुढच्या ४० ते ४५ दिवसांनी, जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटर बुडखा ठेवून. कोयता अगदी मातीला लावून फिरवला की फुटव्याचे डोळेच जातात आणि वर्षभरात ठोंब विरळ होतो. पहिल्या कापणीनंतर पुन्हा दोन महिने उभे ठेवले की उंची वाढते, गाडी भरते, पण खोड दांडरते आणि प्रथिने घसरतात. यात दोन गोष्टी शेतकऱ्यापर्यंत नीट पोहोचत नाहीत. एक, नेपिअर आणि बाजरी या दोन्हींत ऑक्झलेट असते, ते शरीरातील कॅल्शियम बांधून ठेवते. नुसत्या नेपिअरवर असलेल्या दुभत्या जनावराला खनिज मिश्रण रोज द्यावेच लागते. दोन, कापणीनंतर युरिया भरपूर टाकला आणि मध्येच पाण्याचा ताण बसला तर गवतात नायट्रेट साचते. त्यातून होणारी विषबाधा जनावराला काही तासांत घेऊन जाते. आणि अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात, जिथे जमिनीखालचे पाणीच खारे आहे, तिथे ओलिताच्या नेपिअरची शिफारस कोणत्या पाण्याच्या भरवशावर करायची? त्या पट्ट्यासाठी कर्नाल गवत, ऱ्होड्स गवत, मारवेल यांच्या चाचण्या खारपाणपट्ट्यातल्याच शेतांत व्हायला हव्यात.

ज्वारीकडे येऊ. विदर्भातली वैरण म्हणजे कडबा, असा काळ होता. सोयाबीन आले आणि खरीप ज्वारी धुऱ्याकाठच्या (बांधाकाठच्या) चार तासांवर (ओळींवर) आली. कारणे उघड आहेत. सप्टेंबरच्या पावसात कणसावर बुरशी येते, दाणा काळा पडतो, भाव पडतो. वरून रानडुकरे आणि रोही (नीलगाय). बुटक्या संकरित वाणांनी दाणा दिला, कडबा कमी दिला. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे संकरित ज्वारीचे वाण आले तेव्हापासून पुष्कळ काळ दाण्याचे उत्पन्न हीच मुख्य कसोटी राहिली. मात्र जनावर पाळणाऱ्याला कडब्याची प्रत कळते आणि बाजारालाही कळते. हैदराबादच्या कडबा बाजाराच्या अभ्यासात दिसले की पचनीयता ४७ वरून ५२ टक्क्यांवर गेली की व्यापारी सुमारे पंचवीस टक्के जास्त भाव देतात. म्हणजे कडब्याची पचनीयता हा पैशाचा गुण आहे. दुहेरी उपयोगाचा वाण प्रसारित करताना दाण्याच्या उत्पन्नाइतकेच वजन कडब्याच्या पचनीयतेला द्या. खोडातले लिग्निन (न पचणारा लाकडी भाग) कमी असलेले, पानाची मधली शीर तपकिरी असणारे ज्वारीचे प्रकार संशोधकांच्या हाताशी आहेत. ते आमच्या मुरमाड बरडावर, जुलैच्या उघडिपीत उभे राहतात की लोळतात, हे तपासणे बाकी आहे.

तोवर चाऱ्यासाठीच ज्वारी पेरायची असेल तर दाणा भरेपर्यंत थांबायची गरज नाही, त्यामुळे बुरशीचा प्रश्नच उरत नाही. हेक्टरी चाळीस किलो बियाणे, तिफणीने फूटभराच्या आत अंतर, पेरणी जुलैच्या पहिल्या पंधरवड्याच्या आत. त्यापुढे उशीर झाला की खोडमाशी पोंगे मारते. दोन तास ज्वारीचे आणि एक चवळीचे घेतले तर चाऱ्यात प्रथिने येतात. कापणी अर्ध्या शेतात फुलोरा आल्यावर. त्याआधी, विशेषतः गुडघ्याएवढी असताना किंवा पावसाच्या खंडात सुकलेली असताना, जनावर त्यात शिरता कामा नये. कोवळ्या ज्वारीत हायड्रोसायनिक आम्ल तयार होते. जनावर धापा टाकते, लाळ गळते, थरथरते, कोसळते. पशुवैद्यकाने सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट शिरेतून वेळेत दिले तर ते वाचते, पण त्यासाठी ही औषधे जुलै-ऑगस्टमध्ये तालुक्याच्या दवाखान्यात शिल्लक पाहिजेत. पशुसंवर्धन विभागाने हा एक साठा पेरणीआधी तपासावा, एवढी विनंती इथेच करून ठेवतो.

हिरवी ज्वारी किंवा आफ्रिकन टॉल मका उन्हाळ्यात न्यायचा तर मुरघास, म्हणजे हवाबंद खड्ड्यात आंबवून टिकवलेला चारा, करावा लागतो. एका गाईला रोज पंधरा किलो, दीडशे दिवस, म्हणजे साडेबावीस क्विंटल. घनमीटरला पाच-सहाशे किलो बसतो, तर चार-साडेचार घनमीटरचा खड्डा पुरतो. मुरघास बिघडतो तो बहुतेक वेळा ओलाव्याने. कुट्टीची मूठ दाबून पाहा. बोटांमधून पाणी गळले तर ती ओली आहे, अर्धा दिवस सुकू द्या. मूठ उघडताच गोळा सगळाच विखुरला तर जास्त वाळली आहे, ती दाबली जात नाही, आत हवा राहते आणि बुरशी धरते. गोळा हळूहळू सुटला की भरायला घ्या. ही चाचणी शेतकऱ्याला पाच मिनिटांत शिकवता येते, पण ती खड्ड्यापाशी शिकवावी लागते.

आता ज्या विषयासाठी मुख्यतः हे पत्र लिहायला घेतले, त्या कुरणांकडे. पश्चिम विदर्भातली ई-क्लास (सरकारी चराऊ) जमीन, पूर्व विदर्भातले झुडपी जंगल, गावोगावचे गायरान. आपल्या देशाच्या गवतांची जी वर्गवारी दबडघाव आणि शंकरनारायण या शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मांडली, तिच्यात हा सगळा प्रदेश शेडा-मारवेल गटात येतो. म्हणजे इथल्या जमिनीचे स्वतःचे गवत चांगले आहे. हलक्या, उताराच्या जागी शेडा, पवन्या, डोंगरी. खोल काळ्या जमिनीत मारवेल. चराईचा ताण वाढत गेला की ही गवते आधी जातात, कारण जनावर त्यांनाच आधी तोंड लावते. त्यांच्या जागी कुसळी येते. कुसळीही खरवडली गेली की आखूड वार्षिक गवते, आणि शेवटी तरोटा, रानतुळस, गाजरगवत. कुरणात उभे राहिल्यावर काय दिसते, यावरून ते कोणत्या पायरीवर आहे हे सांगता येते. उपायही पायरीप्रमाणे बदलतो. शेडा-मारवेलची ठोंबे अजून दहा-पंधरा पावलांवर सापडत असतील तर पेरणीची गरज नाही. दोन पावसाळे राखण केली तरी कुरण भरते. सगळीकडे तरोटाच असेल तर राखण करून तरोट्याचेच बी वाढते. तो ऑगस्टमध्ये, फुलावर यायच्या आत, जमीन ओली असताना मुळासकट उपटावा लागतो आणि मगच गवत लावावे लागते. दोन्हीकडे एकच अंदाजपत्रक, एकच बियाण्याची पिशवी पाठवली की पैसा वाया जातो.

गवत लावण्याबाबत पुस्तकी शिफारस आणि शिवार यांत अंतर कुठे पडते, ते नेमके सांगतो. गवताचे बी हलके, केसाळ असते, वाऱ्याने उडते, मुंग्या वाहून नेतात. त्यातले कितीतरी कणसुले पोकळच असतात. ताजे बी सुप्तावस्थेत असते, त्याच वर्षी पेरले तर उगवत नाही, आधीच्या हंगामाचे बी बरे उगवते. शिवाय ते सेंटिमीटरभरापेक्षा खोल गेले की संपले. म्हणून एक भाग बी, एक भाग शेण, तीन भाग चिकणमाती आणि एक भाग वाळू मळून हरभऱ्याएवढ्या गोळ्या करून सावलीत वाळवतात आणि पहिल्या दमदार पावसाच्या तोंडावर टाकतात. तरीही मारवेलसाठी आमचा कौल ठोंबांच्या बाजूने आहे. अर्ध्या मीटरवर मुळासह दोन-तीन काड्यांचा ठोंब, हेक्टरी चाळीस हजार, जुलैमध्ये झडीच्या दिवसांत. मजुरी जास्त लागते, पण मर कमी होते आणि पहिल्याच हिवाळ्यात कापणीजोगे गवत मिळते.

चाळीस हजार ठोंबे आणायची कुठून, हा खरा अडथळा आहे. म्हणून प्रत्येक तालुक्यात दहा-वीस गुंठ्यांची मातृवाटिका हवी, आणि तिच्यातले गवत त्याच तालुक्यातून निवडलेले हवे. याला शास्त्रीय कारण आहे. मारवेल आणि अंजन यांसारख्या गवतांत बीमधला गर्भ बहुतांशी फलनाशिवाय, आईच्याच पेशींपासून तयार होतो. प्रत्येक रोप आईची नक्कल असते. त्यामुळे संकर करून नवा वाण काढणे अवघड, पण निसर्गात तयार झालेला चांगला प्रकार हेरला तर तो पिढ्यानपिढ्या तसाच टिकतो. म्हणजे इथे मोठ्या प्रयोगशाळेपेक्षा पायपीट जास्त फळ देईल. रेल्वेच्या कुंपणाआतले पट्टे, जुन्या देवस्थानांच्या जमिनी, मेळघाटातल्या नरनाळा-गाविलगडाचे माथे, ताडोबा आणि मेळघाटात पुनर्वसित गावांच्या जागी तयार झालेली कुरणे. जिथे चराईचा मार कमी बसला, तिथले दोन-तीनशे नमुने गोळा करा आणि बुलडाण्याच्या सातशे-आठशे मिलिमीटर पावसात व गडचिरोलीच्या तेराशेहून जास्त पावसात शेजारी शेजारी लावून पाहा. संकरित नेपिअरचे तर बी धरतच नाही. बाजरीची १४ आणि नेपिअरची २८ गुणसूत्रे मिळून संकरात २१ येतात, म्हणून ते कांड्यांनी किंवा ठोंबांनीच लावावे लागते. कांड्यांची मागणी-पुरवठ्याची साखळी त्यासाठी उभी राहिली. मारवेल-शेड्याच्या ठोंबांसाठीही तशी उभी राहू शकते.

द्विदल गवताशिवाय कुरणात प्रथिने येत नाहीत. हलक्या जमिनीसाठी स्टायलो हमाटा चांगली. तिचे बी कठीण कवचाचे असते, ते ८० अंश सेल्सिअस तापलेल्या पाण्यात चार-पाच मिनिटे ठेवून लगेच गार करून वाळवायचे. हे न करता टाकलेले बी वर्षभर मातीत तसेच पडून राहते आणि योजना फसली असा शेरा बसतो. दुसरी चूक म्हणजे स्टायलो काळ्या, पाणी साचणाऱ्या जमिनीत टाकणे. तिथे ती सडते. भारी जमिनीत गोकर्ण टिकते, शेवरी टिकते. बियाण्याच्या वाटपाच्या यादीत जमिनीचा प्रकार हा रकाना नसेल तर तो घाला.

राखण आणि चराई यांबद्दल. संपूर्ण चराईबंदी गाव फार काळ पाळत नाही, आणि पाळावी असा आग्रहही धरू नये. धनगरांची मेंढरे, नंद गवळ्यांच्या गवळाऊ गायी, गावातल्या बकऱ्या कुठे तरी चरणारच. कुरणाचे चार भाग करून दर वर्षी एक भाग बी गळेपर्यंत, म्हणजे साधारण नोव्हेंबरपर्यंत बंद ठेवायचा आणि उरलेले तीन पाळीपाळीने चारायचे, हे जमते. मात्र पावसाळ्याचे पहिले सहा आठवडे कोणत्याच भागात जनावर नको. तेव्हा गवत मुळातल्या साठ्यावर फुटत असते. तो कोंब खाल्ला गेला की साठा संपतो आणि वर्षाचे उत्पन्न जाते. नेमक्या याच दिवसांत शेते पेरलेली असतात आणि ढोरक्याला गुरे न्यायला दुसरी जागा नसते. म्हणून जून-जुलैचा चारा गोठ्यात शिल्लक असणे हीच कुरण वाचवायची पहिली अट आहे. मुरघास, कडबा आणि कुरण हे तीन वेगळे प्रकल्प नाहीत. तुमच्या विभागांत ते तीन टेबलांवर असतील, गावात ती एकच गोष्ट आहे.

कुरणात किती जनावरे चारावीत, हे मोजता येते. मीटरभर बाजूची लोखंडी सळईची चौकट करायची. गवत फुलोऱ्यात असताना हेक्टरी दहा ठिकाणी, डोळे मिटून टाकल्यासारखी कुठेही टाकायची, आतले गवत दोन बोटे उंचीवर कापायचे, कडक वाळवून तोलायचे. सरासरी २०० ग्रॅम आली तर हेक्टरी दोन टन. त्यातले निम्मे जमिनीवर राहू द्यायचे, बुडखा, बी आणि पालापाचोळा म्हणून. उरलेला एक टन एका गाईला ११४ दिवस पुरतो. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर हा आकडा दर दिवाळीला लिहिला गेला तर चराईचे भांडण आकड्यावर होईल, आवाजावर होणार नाही. हे काम कृषी आणि पशुवैद्यक महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांकडून करून घेता येईल.

कापणीची वेळ हा सगळ्यात स्वस्त सुधार आहे. आपल्याकडे गवत नोव्हेंबर-डिसेंबरात, बी गळून पिवळे पडल्यावर कापतात, कारण तेव्हा सोयाबीनची घाई ओसरलेली असते आणि परतीचा पाऊस गेलेला असतो. तोवर प्रथिने तीन टक्क्यांच्या आसपास येतात, फुलोऱ्यात ती दुप्पट असतात. कुसळीचे तर कुसळ पिकायच्या आतच कापावे लागते. नंतर ते जनावराच्या हिरड्यांत आणि मेंढ्यांच्या कातडीत घुसते. सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरात कापलेले गवत पावसापासून कसे वाळवायचे, यावर इथल्या हवामानात काम झाले पाहिजे. तिकाटण्यावर (तीन काठ्यांच्या तिवईवर) वाळवणे, उघड्या शेडमध्ये पसरणे, थोडे मीठ लावून गंजी घालणे, यांपैकी काय टिकते? ओलाव्याचे प्रमाण पंधरा टक्क्यांवर आले नाही तर गंजी आतून तापते आणि काळी पडते. लहान शेतकऱ्याला परवडेल असे वाळवण शोधून काढले, तर नवा वाण न आणताही आहे त्या गवताची किंमत दुप्पट होईल.

धुऱ्यांबद्दल थोडे. एक हेक्टर चौकोनी शेताचा धुरा ४०० मीटर भरतो. मीटरभर रुंदी धरून निम्मा शेजाऱ्याला सोडला तर २०० चौरस मीटर उरतो. चांगल्या मारवेलचे चौरस मीटरला अर्धा किलो वाळले गवत धरले तर क्विंटलभर, एका गाईचे अकरा दिवस. आकडा लहान आहे, पण पाणी लागत नाही, माती धरून राहते आणि ठोंबांची मातृवाटिका आपोआप होते. आज त्याच धुऱ्यावर तणनाशक मारले जाते आणि पुढच्या पावसात तिथे गाजरगवत उगवते. तणनाशकाच्या शिफारशीत धुरा वगळावा, असे एक वाक्य कृषी विभागाने छापावे.

कुटाराचा विषय टाळता येत नाही, कारण उन्हाळ्यात आज तेच खाल्ले जाते. युरिया प्रक्रिया धानाच्या तणसावर आणि गव्हांड्यावर चांगली लागू पडते. शंभर किलो तणसाला चार किलो युरिया चाळीस-पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थराथराने शिंपडून, दाबून, हवाबंद एकवीस दिवस. युरिया नीट विरघळला नाही किंवा एकाच जागी जास्त पडला तर विषबाधा होते. खायला घालण्याआधी तासभर उघडे पसरायचे. सहा महिन्यांखालील वासरांना द्यायचे नाही. गोंदिया-भंडाऱ्यात हे चालते. सोयाबीन आणि तुरीच्या कुटाराला मात्र याचा फारसा फायदा होत नाही. द्विदल पिकाच्या काड्यांतील लिग्निनवर युरिया काम करत नाही. तरीही प्रशिक्षणात सरसकट 'कुटारावर युरिया' शिकवले जाते. पश्चिम विदर्भाला सोयाबीन कुटाराचे वेगळे उत्तर हवे. मळणी यंत्रातून शेंगांची टरफले आणि जाड काड्या वेगळ्या पडतील अशी चाळणी बसवता येते का, यावर कृषी अभियांत्रिकीच्या लोकांनी काम केले तर टरफले दुभत्याला, काड्या खताला, अशी वाटणी होईल.

जमिनीच्या कागदाचाही अडथळा आहे. २२ मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने झुडपी जंगल वनजमीनच मानले गेले, म्हणून तिथे गवताचे कोणतेही काम वनविभागासोबत बसूनच आखावे लागेल. २००६ च्या वनहक्क कायद्यात चराईचा हक्क आहे. गडचिरोलीत सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांच्या व्यवस्थापन आराखड्यात बांबू-तेंदूबरोबर गवताचे एक पान असावे, आणि ते लिहायला तुमच्यातला एक गवत जाणणारा माणूस ग्रामसभेत बसावा.

येत्या हंगामापुरते आमच्याकडून इतके : खारपाणपट्ट्यातली काळी, वर्ध्याकडची मुरमाड आणि पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतली धानाच्या बांध्याकाठची, अशा तीन प्रकारच्या जमिनींवर प्रत्येकी दहा गुंठे चाचणीसाठी आम्ही देऊ. राखण आम्ही करू, कुंपण घालणार नाही, म्हणजे रोही आणि रानडुकरांसह निकाल मिळेल. नमुने कोणते लावायचे, तोलायचे कधी आणि नोंद कशी ठेवायची, हे तुम्ही ठरवा. मारवेलची ठोंबे जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पोहोचली पाहिजेत. त्यानंतर आली तर झडीचे दिवस हातून जातात आणि निम्मी मरतात.

आपले,
विदर्भातील काही पशुपालक, पशुवैद्यक आणि कुरणांवर काम करणारे कार्यकर्ते